स्पीकरच्या खोक्यातून निसटलेला बँड

गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरची भिंत जवळून गेली की छातीत धडधडतं. तेच गाणं खिशातल्या मोबाइलवर लावलं तर चाल कळते, शब्द कळतात, पण छातीपर्यंत काही पोचत नाही. गाणं तेच असताना त्याला एवढं अवाढव्य खोकं का लागावं, हा प्रश्न पुष्कळांना पडलेला असतो. त्याचं उत्तर एका रुमानियन बँडच्या गोष्टीतून सांगता येतं, कारण त्या गोष्टीत असल्याच खोक्यांनी माणसांची सुटका केली.

१९७७ साली रुमानियाच्या सरहद्दीवरून एक गाडी बाहेर पडली. गाडीत एका बँडचं सामान होतं आणि त्यात मार्शल या इंग्लिश कंपनीचे भलेथोरले स्पीकर होते. त्या खोक्यांमध्ये स्पीकरच्या जागी बँडमधली माणसं अंगाची जुडी करून बसली होती. बँडचं नाव फीनिक्स. रुमानियात आज हेवी मेटल म्हणून जे वाजतं, त्याच्या मुळाशी हा बँड आहे. १९६२ मध्ये शाळकरी पोरांनी तो सुरू केला आणि त्याचा प्रवास साठ वर्षांहून जास्त चालला.

या गोष्टीत दोन कोडी आहेत. माणूस मावेल एवढं खोकं गिटारला लागतंच कशाला? आणि देशातल्या सगळ्यात लाडक्या बँडला त्यात लपून पळायची वेळ का आली?

खोकं एवढं मोठं का?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे या एका स्वराची प्रत्येक लाट चार मीटरांहून लांब असते. एवढी लांब लाट जोरात उठवायची तर पुष्कळ हवा पुढेमागे ढकलावी लागते, आणि मोबाइलमधल्या नखाएवढ्या पडद्याच्या ते आवाक्याबाहेरचं आहे. त्यामुळे खालचे स्वर गळून पडतात आणि वरचे तेवढे ऐकू येतात.

मोठा पडदा घेतला तरी एक अडचण उरते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्यावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये या दोन उलट्या लाटा कडेने वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. याचा सर्वांत मोठा फटका खालच्या स्वरांना बसतो. म्हणून पडद्याच्या मागे खोकं बांधतात आणि मागची लाट आत कोंडतात. खोकं लहान असेल तर आतली हवा पडद्याला मोकळेपणाने हलू देत नाही. ते मोठंच असावं लागतं.

लंडनमध्ये ढोलांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये, फीनिक्स सुरू झाला त्याच वर्षी, गिटारसाठी ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. पुढे जगभरच्या रॉक मंचांवर दिसू लागलं ते त्यांचं खोकं साधारण अडीच फूट लांब, अडीच फूट उंच आणि सव्वा फूट खोल असतं. त्यात १२ इंची चार स्पीकर बसवलेले असतात आणि बाकी सगळी पोकळी. स्पीकर काढून घेतले तर उरते ती रिकामी लाकडी पेटी आणि तिच्या तोंडावर ताणलेली जाळी. गुडघे छातीशी घेतले तर सडपातळ माणूस तिच्यात कसाबसा मावेल. शिवाय जाळीतून हवा आत येते.

जडपणा कुठून येतो?

नुसत्या मोठ्या आवाजाने संगीत जड होत नाही. शंभर सनया एकदम वाजवल्या तरी हेवी मेटल होणार नाही. त्या जडपणामागे एक वेगळी युक्ती आहे, आणि ती आपल्याला तानपुऱ्यामुळे चटकन समजते.

जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा संकेत दिला की लाटेचे शेंडे त्याला पेलवत नाहीत. ते छाटले जातात आणि गोलसर लाट सपाट डोक्याची होते. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर मिसळतात, त्याने आवाज खरखरीत आणि भरीव होतो. दोन स्वर एकदम वाजवले तर आणखी एक गोष्ट घडते. त्यांच्या कंपनांतल्या फरकाएवढा एक तिसरा स्वर यंत्रातून आपोआप निघतो.

तानपुऱ्यात पंचम आणि षड्ज छेडतात. षड्जाची कंपनं सेकंदाला २०० धरली तर पंचमाची ३०० होतात. हीच जोडी डिस्टॉर्शनच्या गिटारवर वाजवली की ३०० वजा २००, म्हणजे १०० कंपनांचा स्वर तयार होतो. हा खालच्या सप्तकातला षड्ज. कोणी न छेडलेला स्वर खालून येऊन पाया भरतो. रॉकवाले या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि हेवी मेटलची अख्खी इमारत तिच्यावर उभी आहे. मध्ये गंधार घातला तर मात्र घोटाळा होतो. गिटारवरचा गंधार नैसर्गिक जागेपेक्षा किंचित चढा, २५२ च्या आसपास बसतो. मग फरक पडतात ५२ आणि ४८. हे दोन जवळजवळचे खालचे स्वर एकमेकांना घासतात आणि सगळं गढूळ होतं. म्हणून जड संगीतात गंधार बहुधा गिटारच्या त्या जोडीत नसतो, तो गायकाच्या गळ्यात किंवा वरच्या सुरावटीत असतो.

हे इतकं तपशिलात सांगण्याचं कारण आहे. षड्ज-पंचमाचा सतत वाजणारा आधार आणि त्यावर मोकळी फिरणारी एकेरी सुरावट ही रचना जगातल्या पुष्कळ लोकसंगीतांत सापडते. पूर्व युरोपातल्या मेंढपाळांच्या चामडी पिशवीच्या वाद्यातही एक स्वर अखंड धरलेला असतो आणि वर सुरावट चालते. म्हणजे विजेची गिटार आणि डोंगरातलं जुनं गाणं यांचा सांगाडा आधीच जुळणारा होता. फीनिक्सने पुढे जे केलं त्याचं बीज इथे आहे.

तिमिश्वाराची पोरं

तिमिश्वारा हे रुमानियाच्या पश्चिम टोकाचं शहर. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी दोन्ही हाकेच्या अंतरावर. रस्त्यांवर विजेचे दिवे १८८४ मध्येच लागले होते, युरोपच्या मुख्य भूमीवर सगळ्यात आधी. शहरात रुमानियन, हंगेरियन, जर्मन आणि सर्ब शेजारीशेजारी राहात आणि सरकारी नाट्यगृहंही तीन भाषांत चालत. बँडमध्येही तेच मिश्रण होतं. निकू कोवाच आणि बेला कामोचा यांनी तो सुरू केला, पुढे जर्मन घरांतले योझेफ काप्ल आणि एर्लेंड क्राउझर आले. कोवाच १९४७ चा, म्हणजे सुरुवातीला तो जेमतेम १५ वर्षांचा होता.

बँडचं पहिलं नाव होतं 'सेंट्स', म्हणजे संतमंडळी. नास्तिकवादी कम्युनिस्ट सरकारला ते खपण्यासारखं नव्हतं, म्हणून काही वर्षांत 'फीनिक्स' झालं. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव पुढे किती वेळा लागू पडणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार!

साठच्या दशकाचा शेवट त्यातल्या त्यात बरा होता. निकोलाय चाउशेस्कू नुकताच सत्तेवर आला होता. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा त्याने उघड निषेध केला आणि तो देशातही, पश्चिमेतही लोकप्रिय झाला. त्याच वर्षी फीनिक्सची 'व्रेमुर्' ही छोटी तबकडी निघाली. सरकारी रेडिओवर कोर्नेल किरियाक 'मेट्रोनोम' नावाचा कार्यक्रम करत आणि पाश्चात्त्य रॉक ऐकवत. फीनिक्सची पाठराखण त्यांनी मनापासून केली. मात्र १९६९ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला आणि किरियाक देश सोडून म्युनिकला गेले. तिथून 'रेडिओ फ्री युरोप'वर त्यांचा आवाज पुन्हा रुमानियात ऐकू येऊ लागला. १९७५ च्या मार्चमध्ये म्युनिकमध्येच त्यांचा खून झाला. लघुलहरींवर कान लावून बसणाऱ्या तरुण पिढीला तो घरातल्या माणसाचा मृत्यू वाटला.

एक गाणं बाहेर पडायला काय काय लागतं

दुसऱ्या कोड्याचं उत्तर कळण्यासाठी त्या देशातली व्यवस्था समजून घ्यायला हवी. आपल्याकडे एखाद्या कंपनीने गाणं नाकारलं तर दुसरी असते. तिथे तबकड्या काढणारी कंपनी एकच, इलेक्ट्रेकॉर्ड, आणि ती सरकारची. रेडिओ सरकारचा, दूरचित्रवाणी सरकारची, सभागृहं सांस्कृतिक भवनांची, कामगार संघटनांची किंवा विद्यार्थी संघटनेची, म्हणजे फिरून सरकारचीच. गाण्याचे शब्द आधी कागदावर दाखवून मंजूर करून घ्यायचे. कार्यक्रम आधी समितीपुढे वाजवून दाखवायचा. केस किती लांब, कपडे कसे, यावरही डोळा. आणि देशाबाहेर जायचं तर पासपोर्ट घरात नसे, तो मागावा लागे आणि बहुतेकांना मिळत नसे.

या यंत्राचा खरा दाब लिखित नियमांत नव्हता. कोणता शब्द चालेल आणि कोणता नाही याची पक्की यादी असती तर कवींनी तिच्याभोवती वाट काढली असती. यादी नव्हती म्हणून प्रत्येक पायरीवरचा माणूस स्वतःच्या खुर्चीसाठी वरच्यापेक्षा थोडा जास्त कडक होत गेला. संपादक घाबरून एक ओळ काढी, संचालक आणखी एक, आणि अखेरीस गीतकार लिहितानाच ती ओळ लिहीत नसे. १९७७ मध्ये सेन्सॉरचं कार्यालय कागदोपत्री बरखास्त झालं, आणि तरी बंधनं सैल झाली नाहीत ती यामुळेच. तोवर तो सेन्सॉर प्रत्येकाच्या डोक्यात जाऊन बसला होता.

तरीही यंत्राला एक मोठी फट होती. ते कागद तपासत होतं. शब्द वाचता येतात, खोडता येतात. गिटारच्या घुमण्यातला राग कोणत्या ओळीत खोडणार? माझ्या मते पूर्व युरोपात जड संगीत इतकं खोल रुजलं त्याचं एक कारण हेच आहे. जे कागदावर आणता येत नव्हतं, ते आवाजात ठेवता येत होतं.

जुन्या गाण्यांचा आडोसा

१९७१ च्या उन्हाळ्यात चाउशेस्कू चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून परतला. तिथली शिस्त आणि व्यक्तिपूजा पाहून तो भारावला होता. ६ जुलैला त्याने १७ कलमं मांडली. ती 'जुलै प्रबंध' म्हणून ओळखली जातात. कलेने पक्षाचं काम करावं, परकीय प्रभाव झटकावा, राष्ट्राचा गौरव करावा, असा त्यांचा रोख. इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या बँडचं दुकान त्या दिवशी बंदच व्हायचं.

कोवाचने राष्ट्रगौरवाचं ते कलम शब्दशः घेतलं. राष्ट्राचं हवं ना? मग रुमानियाच्या मातीतलं सगळ्यात जुनं काढू. लोकगीतं, विधी, ऋतूंचे सण, दंतकथा, सरदारांच्या लढाया. बँडने लोकसाहित्य धुंडाळलं, बासरी आणि तालवाद्यं जमवली आणि ते सगळं विजेच्या गिटारीच्या गर्जनेत मिसळलं. 'चेइ चे ने-आउ दात नुमे' हा त्यांचा पहिला मोठा अल्बम १९७२ मध्ये आला. समितीपुढे लोकपरंपरा होती, तिला नाही म्हणणं अवघड. श्रोत्यांपुढे मात्र पूर्ण रक्तामांसाचा रॉक होता. आता गाण्याला मिर्चा बानिचूचा स्वच्छ, उंच आवाज मिळाला होता.

याच काळात त्यांनी 'मेश्तेरुल मानोले' या लोककथेवर रॉक-ऑपेरा रचायला घेतला. १९७३ च्या छोट्या तबकडीवर त्याचा थोडाच भाग आला. कथा अशी: राजाने अद्वितीय मठ बांधायला मानोले या थोर कारागिराला बोलावलं. दिवसा बांधलेली भिंत रात्री ढासळायची. स्वप्नात सांगणं झालं की उद्या जी बायको पहिल्यांदा जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणा. आली ती मानोलेचीच गरोदर बायको, आना. आपल्याकडे पुरंदरच्या शेंदऱ्या बुरजाची दंतकथा याच जातीची आहे. बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता म्हणून एका नवराबायकोला पायात जिवंत पुरलं, असं सांगतात. कर्नाटकातलं तळ्याला सून वाहण्याचं लोकगीतही त्याच घराण्यातलं.

मानोलेच्या कथेचा शेवट आपल्याकडच्या कथांत नाही. मठ पुरा झाल्यावर राजाने छपरावरच्या कारागिरांना विचारलं, याहून सुंदर बांधू शकाल का? ते अभिमानाने हो म्हणाले. राजाने शिड्या काढून घ्यायला लावल्या. कारागिरांनी लाकडी पट्ट्यांचे पंख केले, उड्या टाकल्या आणि ते मेले. मानोले पडला तिथे झरा फुटला. लोकपरंपरा म्हणून ही कथा समितीला आक्षेपार्ह वाटण्याचं कारण नव्हतं. पण शिडी काढून घेणारा राजा आणि छपरावर अडकलेला कलावंत हे चित्र १९७३ च्या रुमानियात बसून ऐकणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नसणार.

पाठोपाठ १९७४ मध्ये 'मुगुर दे फ्लुयेर' आला. त्यातलं 'आंद्री पोपा' हे गाणं एकोणिसाव्या शतकातले कवी वासिले आलेक्सांद्री यांच्या कवितेवर आहे. शिपायांना न जुमानणाऱ्या रानोमाळच्या बंडखोराची ती कथा. कवी पाठ्यपुस्तकातले, मग शब्दांना हरकत कोण घेणार? हे गाणं रुमानियात अजून गायलं जातं.

यानंतरचा अल्बम माझ्या दृष्टीने त्यांचं शिखर आहे. १९७५ चा 'कांताफाबुले' दोन तबकड्यांचा. मध्ययुगात प्राण्यांची वर्णनं आणि त्यांचे गूढ अर्थ सांगणारे ग्रंथ असत, तशा ग्रंथाच्या धर्तीवर त्यातली गाणी रचली आहेत. एकशिंगी घोडा, नजरेने मारणारा सर्प, डॉल्फिन, ड्रॅगनचा वध, घराच्या पायात राहणारा राखणदार साप, आणि अर्थातच फीनिक्स. शब्द शेर्बान फोआर्त्सा आणि आंद्रेई उझिका या दोन कवींचे. जुनी, अडगळीतली रुमानियन त्यांनी अशी वापरली की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला शब्दकोश काढावा लागावा. वाद्यमेळात सिंथेसायझर आणि गिटारींचे थर आहेत, आणि मधूनच सगळं थांबून एकटा आवाज उरतो. कंपनीने वेष्टनावर नावच चुकीचं छापलं, 'कांतोफाबुले'. संगीत मात्र जसंच्या तसं बाहेर पडलं.

> ऐकायचं असेल तर
> सुरुवात 'आंद्री पोपा'ने करावी, चाल पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसते. मग 'नुन्ता' हे लग्नविधीवरचं गाणं. त्यात लोकताल आणि गिटार कसे एकजीव होतात ते कळतं. 'कांताफाबुले' मात्र तुकड्यांत ऐकू नये. एका संध्याकाळी सलग आणि शक्यतो मोठ्या स्पीकरवर लावावा. त्यातला खालचा सूर मोबाइलवर हरवतो.

१९७७

इतकं यश असून बँडभोवतीचा फास आवळतच गेला. कोवाचने एका डच स्त्रीशी लग्न केलं होतं. त्या आधारावर १९७६ मध्ये तो कायदेशीर मार्गाने बाहेर पडला. साथीदारांना असा काही मार्ग नव्हता.

४ मार्च १९७७ च्या रात्री रुमानियाला मोठा भूकंप झाला. दीड हजारांहून जास्त माणसं मेली, बुखारेस्टमध्ये इमारतीच्या इमारती कोसळल्या. बाहेरून येणाऱ्या मदतीला सरकारने दारं उघडली. कोवाच मदतीचं साहित्य घेऊन परतला, आणि परत जाताना बँडचं सामान घेऊन निघाला. बानिचू सोडून बाकीचे साथीदार त्या सामानात होते. सरहद्दीवर एखाद्या रखवालदाराने एक खोकं उचलून पाहिलं असतं किंवा आत कोणी खोकलं असतं, तरी सगळ्यांना कैद ठरलेली होती. ते युगोस्लाव्हियामार्गे पश्चिम जर्मनीत पोचले.

बानिचू मागे राहिला. त्याच्या वाट्याला आलेलं आयुष्य पळालेल्यांच्या धैर्यापेक्षा कमी कठीण नव्हतं असं मला वाटतं. फीनिक्सचं नाव घेणंही आता देशात नकोसं ठरलं. गाणी रेडिओवरून गेली, तबकड्या दुकानांतून गेल्या. त्या काळात तो एकट्याने गात राहिला आणि बँडची आठवण त्याच्या आवाजातून लोकांत टिकली.

स्वातंत्र्यात काय झालं

जर्मनीत पोचल्यावर फीनिक्स फार काळ एकत्र राहिला नाही. काप्ल, क्राउझर आणि ढोलवादक ओविदिऊ लिपान यांनी 'मॅडहाउस' नावाचा नवा बँड काढला. कोवाचने 'ट्रान्सिल्व्हेनिया फीनिक्स' या नावाने १९८१ मध्ये अल्बम केला. दोन्हींना पश्चिमेत मोठा श्रोता मिळाला नाही.

ही घटना पहिल्यांदा कळते तेव्हा विचित्र वाटते. सेन्सॉर गेला, वाद्यं उत्तम मिळाली, स्टुडिओ मोकळे, मग संगीत फुलायला हवं होतं. पण त्यांच्या गाण्याचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडत होता. ड्रॅगनचा वध ऐकून तिमिश्वाराचा विद्यार्थी जे जोडून घेत असे, ते जोडायला हॅम्बुर्गमधल्या श्रोत्याकडे सामग्रीच नव्हती. त्याला ऐकू आलं ते रॉकच्या गर्दीतलं आणखी एक परदेशी गाणं. आणि त्या गर्दीत ब्रिटिश बँड वर्षानुवर्षं पुढे होते.

मागे उरलेली आग

फीनिक्स गेला त्याच १९७७ साली बुखारेस्टमध्ये 'इरिस' हा बँड उभा राहिला. त्याचं संगीत अधिक थेट होतं: लोककथा नाहीत, जड गिटार आणि क्रिस्ती मिन्कुलेस्कूचा ताणलेला, खरखरीत गळा. लोकांची गर्दी लोटत असे, तरी पहिला स्वतंत्र अल्बम यायला १९८४ उजाडलं. सात वर्षं! एकाच सरकारी कंपनीच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, ते या आकड्यावरून कळतं.

तो काळ सगळ्यांसाठीच भयाण होता. परदेशी कर्ज फेडायचा चाउशेस्कूने ध्यास घेतला होता. धान्य, मांस, इंधन निर्यात होत होतं आणि देशात रांगा लागत होत्या. हिवाळ्यात घरं थंड, संध्याकाळी वीज जायची, दूरचित्रवाणी दिवसाला दोन तास आणि त्यातही बरंचसं नेत्याचंच गुणगान. टंकलेखन यंत्राची पोलिसांकडे नोंद करावी लागे. अशा अंधारात जड संगीताची मैफल हे तरुणांना मोठ्याने ओरडता येण्याच्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होतं.

तिमिश्वारातही जागा रिकामी राहिली नाही. १९८५ मध्ये गिटारवादक आद्रियान बारार आणि मित्रांनी 'कार्गो' सुरू केला, हा मात्र पुरता हेवी मेटल. चारच वर्षांनी, १९८९ च्या डिसेंबरमध्ये, याच शहराच्या रस्त्यांवर क्रांतीची ठिणगी पडली आणि आठवड्याभरात चाउशेस्कूची सत्ता कोसळली. कार्गोचा पहिला अल्बम १९९२ मध्ये आला. त्यालाही सातच वर्षं लागली. फरक एवढाच की त्यातली शेवटची दोन-तीन वर्षं मोकळ्या देशातली होती. बारार २०२१ मध्ये कोरोनाने गेला. बँड वाजतो आहे.

पक्षी परततो

१९९० मध्ये फीनिक्स रुमानियात परतला. तेरा वर्षं ज्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती त्यांची गाणी स्टेडियमभर लोक पाठ म्हणत होते. नकला केलेल्या कॅसेटी हातोहात फिरल्या होत्या, मोठ्या भावंडांनी धाकट्यांना शिकवल्या होत्या. बंदी घालताना सरकार तबकड्या काढून घेऊ शकलं. लोकांच्या तोंडातली चाल काढून घेण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हता.

'कांताफाबुले'च्या दोन कवींपैकी आंद्रेई उझिका पुढे चित्रपटकार झाला. 'निकोलाय चाउशेस्कूचं आत्मचरित्र' हा त्याचा २०१० चा चित्रपट तीन तासांचा आहे आणि तो संपूर्णपणे सरकारी चित्रणाच्या तुकड्यांतून जोडलेला आहे. निवेदकाचं एक वाक्यही त्यात नाही. हुकूमशहाने स्वतःला जसं दाखवायला लावलं तसंच ते दाखवलेलं आहे, आणि तेच त्याचं उघडं पडणं ठरतं. दिलेल्या वस्तूला हात न लावता तिच्यातून वेगळाच अर्थ काढायचा, ही कला उझिका तरुणपणी याच बँडसाठी लिहिताना वापरत होता.

परतल्यानंतरची वर्षं सरळ गेली नाहीत. माणसं आली, गेली, भांडणं झाली, नवे गायक उभे राहिले. बानिचू 'पासारेआ कोलिब्री' या गायक-मंडळीत रमला. सत्तरच्या दशकाची उंची त्यानंतरच्या अल्बमांना गाठता आली नाही, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यालाही मान्य करावं लागेल.

पण त्या अल्बमांचे विषय पाहण्यासारखे आहेत. १९७१ नंतर लोककथांकडे वळणं ही सरकारच्या कलमातून काढलेली पळवाट होती, असं पुष्कळांना वाटतं. १९८९ नंतर पळवाटेची गरज उरली नव्हती. कोवाचला इंग्रजीत गायला, प्रेमगीतं लिहायला, काहीही करायला कोणी अडवणारं नव्हतं. २००५ चा अल्बम त्याने 'बाबा नोवाक' या सोळाव्या शतकातल्या सर्ब बंडखोरावर केला. हा तुर्कांविरुद्ध लढला आणि १६०१ मध्ये क्लुजमध्ये त्याला जिवंत जाळलं गेलं. २०१४ चा अल्बम 'विनो, त्सेपेश'. त्यात व्लाद त्सेपेश या पंधराव्या शतकातल्या कठोर राजाला हाक आहे. तेव्हा कोवाच ६७ वर्षांचा होता. २ ऑगस्ट २०२४ रोजी तो गेला, तोपर्यंत त्याच्या गाण्यांत सरदार, बंडखोर, साप आणि पक्षी हेच राहिले.